मोठा लेथ घेण्याआधी टूल घासायला शिका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिंगणा एमआयडीसीत लेथ चालवणारा टर्नर म्हणून आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. हल्ली आमच्या कॉलनीतली पोरं हौसेनं टेबलावर मावणारा छोटा लेथ (सळई फिरवत टूलनं कापायचं मशीन) घरी आणतात. बघून बरं वाटतं. पण थोड्याच महिन्यांत प्रश्न येतो, "काका, हा लई थरथरते. विकून मोठा घेऊ काय?"

मी आधी टूल, म्हणजे कापणारं हत्यार, पाहतो. बहुतेकदा ते सळईच्या सेंटरच्या खाली बसलेलं असतं. फेसिंग (सळईचं तोंड सपाट कापणं) केल्यावर मधोमध बारीक टेंगूळ उरतं, तिथंच हे समजायला पाहिजे. टूलखाली पत्र्याचं पॅकिंग सरकवलं की टेंगूळ जातं. शिवाय सगळ्यांना कार्बाइडचं, फार कठीण टूल हवं. कार्बाइडला वेग लागतो, दणकट मशीन लागतं. छोट्या लेथला एचएसएसच (हाय स्पीड स्टील) बरं, आणि तेही ग्राइंडरवर स्वतः घासलेलं. माइल्ड स्टीलला मिनिटाला २५ मीटर कटिंग स्पीड (टूलसमोरून धातू सरकण्याचा वेग) धरला, तर २५ मिमीच्या गोल सळईला ३००-३२० आरपीएम (मिनिटाला फेरे) पुरतात. पोरं हजारावर फिरवतात, धार जळते आणि दोष मशीनचा! पार्टिंग (सळईचा तुकडा कापून वेगळा) करताना टूल गरजेपुरतंच बाहेर ठेवा, चकच्या (सळई पकडणाऱ्या जबड्यांच्या) जवळ कापा, ढिली गिब (सरकत्या भागांतली ढिलाई घालवणारी पट्टी) कसा. निम्मी थरथर तिथंच थांबते.

चार जबड्यांच्या चकमध्ये डायल गेज (सळई किती डगमगते ते दाखवणारं मापक) लावून सळई सेंटरला आणता येऊ लागली, की मग मोठ्या लेथचा विचार खुशाल करा. स्पिंडलचं (चक फिरवणाऱ्या दांड्याचं) भोक अपुरं पडतं, की बेड (मशीनचा खालचा लांब पाया) लांब हवा, हे तोवर तुमचं तुम्हाला कळलेलं असेल. जुनं मशीन घ्यायला गेलात तर चकजवळची बेडची झीजही नजरेत भरेल.

पण हे शिकायचं कुठं? आयटीआयचा टर्नर ट्रेड दोन वर्षांचा. नोकरी करणाऱ्याला तो कसा जमणार? हातमोजे घालून लेथ चालवणारा पोरगा मी पाहिला, बाप्पा! चकनं मोजा ओढला की हातही जातो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. शासकीय आयटीआयनं फी घेऊन रविवारी हौशी लोकांसाठी छोटा वर्ग चालवावा. शिकवायला हिंगणा-बुटीबोरीचे निवृत्त टर्नर मिळतील. मी स्वतः यायला तयार आहे, मानधन नको. फक्त मे महिन्यात अकराच्या आत सोडा.

– एक निवृत्त टर्नर, नागपूर