कोड अ‍ॅपमध्येच वाचता यावा

संपादक महोदय,

सरकारी अ‍ॅपचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, खुला करा, ही मागणी आता नवी राहिलेली नाही. 'आरोग्य सेतू' २ एप्रिल २०२० रोजी आले आणि २६ मे रोजी त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवला गेला. पाऊल चांगलेच होते. पण गिटहबवरचा कोड आणि आपल्या फोनमध्ये चालणारे अ‍ॅप एकच आहे का, हे सामान्य माणसाने ओळखायचे कसे? अ‍ॅप अपडेट होत राहते, तिकडचा कोड मागे पडू शकतो. म्हणून अ‍ॅपच्या 'माहिती' पानावरच त्या-त्या आवृत्तीचा कोड वाचता यायला हवा.

काम फार नाही. बिल्डच्या (कोडपासून अ‍ॅप तयार करण्याच्या) वेळी कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या 'गिट' या साधनाची 'गिट आर्काइव्ह' ही आज्ञा चालवून कोडची झिप करायची, ती अ‍ॅपसोबत जाणाऱ्या असेट्स फोल्डरमध्ये टाकायची आणि सोबत ४० अक्षरांचा कमिट हॅश, म्हणजे गिटमधल्या त्या नोंदीची (कमिटची) ओळखखूण, द्यायचा. हे बिल्ड स्क्रिप्टनेच केले पाहिजे. हाताने करायचे ठेवले की घाईच्या अपडेटला राहून जाते, मग दिसतो एक कोड आणि चालतो दुसरा. 'गिट आर्काइव्ह' कमिट झालेलेच उचलते, त्यामुळे कमिट न केलेले बदल आढळले तर स्क्रिप्टने बिल्ड तिथेच थांबवावे. आकाराची भीती नको; कोड म्हणजे नुसता मजकूर, झिप केला की बराच आटतो.

गुप्त किल्ल्या (पासवर्डसारखे संकेत) उघड्या पडतील, हा आक्षेप हमखास येतो. कोडमध्ये लिहिलेली किल्ली एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल) उघडून आजही काढता येते. ती सर्व्हरवर हलवणे हाच उपाय आहे.

खरी गडबड होते ती दाखवताना. वेबव्ह्यूमध्ये (अ‍ॅपच्या आत वेबपान दाखवणाऱ्या ब्राउझरमध्ये) कोड जसाच्या तसा ओतला, तर < या चिन्हाला लागून अक्षर आले की ब्राउझर त्याला टॅग (वेबपानाच्या रचनेची खूण) समजतो आणि पुढचे > येईपर्यंतचा मजकूर गिळून टाकतो. अटीची अर्धी ओळ गायब होते आणि वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही. कोड एचटीएमएल (वेबपानाची भाषा) म्हणून न घालता साधा मजकूर म्हणूनच घालावा. फाइल यूटीएफ-८ (देवनागरीसह सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याची पद्धत) म्हणून वाचली नाही, तर कोडमध्ये मराठीत लिहिलेल्या टिपांचा चिखल होतो. ओळींचे क्रमांक वेगळ्या रकान्यात ठेवावेत, नाहीतर कॉपी करताना तेही सोबत येतात.

अर्थात, दाखवलेला कोडच चालतो आहे, हे एवढ्याने सिद्ध होत नाही. त्यासाठी बिल्ड पुन्हा तंतोतंत करता आले पाहिजे: त्याच कमिटवरून, त्याच आवृत्तीच्या साधनांनी त्रयस्थाने एपीके बनवावी आणि विकसकाची डिजिटल सही वगळून बाकी सारे जुळते का ते पाहावे. बिल्डची वेळ एखाद्या फाइलमध्ये कोरली गेली, तरी हे जुळत नाही.

सर्व्हरवरचा कोड फोनमध्ये नसतोच. तिथे सॉफ्टवेअरचा परवाना कामी येतो. २००७ च्या जीएनयू अफेरो परवान्याच्या कलम १३ नुसार, बदल केलेली प्रणाली नेटवर्कवरून वापरणाऱ्यांनाही तिचा कोड मिळण्याची सोय ठळकपणे द्यावी लागते. मॅस्टोडॉन हे समाजमाध्यमाचे सॉफ्टवेअर याच परवान्याखाली आहे, आणि त्याच्या पानावर आवृत्तीसोबत कोडचा दुवा असतो.

महापालिकांनी आणि राज्य सरकारने अ‍ॅपच्या निविदेतच कोडचे पान, कमिट हॅश आणि पुन्हा बिल्ड करण्याची लेखी कृती या अटी घालाव्यात. अ‍ॅप तयार झाल्यावर या गोष्टी मागितल्या, तर कंत्राटदार त्याचे वेगळे पैसे लावतो.

– एक अ‍ॅप विकसक, पुणे