सूचना: तापातल्या आणि तापानंतरच्या आहाराबद्दल

सर्व सभासदांना,

घरात कुणी विषाणूजन्य तापाने आजारी असेल तर जेवणाचा आग्रह पहिले एक-दोन दिवस थोडा बाजूला ठेवा. पाण्याचा मात्र सोडू नका. ताप १ अंश सेल्सिअसने चढला की शरीराचा ऊर्जाखर्च साधारण १० टक्के वाढतो आणि घामावाटे पाणीही जातं. लघवी गडद पिवळी किंवा कमी होत असेल तर पाणी कमी पडतंय. उलट्या-जुलाब असतील तर ओआरएस द्या. पाकीट पूर्ण, आणि त्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात. अंदाजाने अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात टाकणं ही नेहमीची चूक!

खरी हेळसांड ताप उतरल्यावर होते. आजारात स्नायू झिजतात, म्हणून पुढचे काही आठवडे प्रथिनं हवीत: अंडी, दूध, दही, डाळी, मासे, जे पचेल ते, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. तोंडाला चव नसेल तर गरमपेक्षा गार पदार्थ बरे जातात. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी पाणी आणि प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचे फॉरवर्ड कृपया गटावर टाकू नयेत.