गावं निवडताना

चि. सौरभ,
अनेक आशीर्वाद.

गरीब शेतकऱ्यांसाठीच्या वाणांच्या प्रयोगाला आणि सर्वेक्षणाला म्हणून तू पाठवलेली बीड जिल्ह्यातल्या सहा गावांची यादी नकाशावर लावून पाहिली. सहाही गावं डांबरी रस्त्याला लागून आहेत. गाडी जिथवर जाते तिथवरच गरिबी असते, असं तुमच्या टीमला वाटत असेल तर यादी उत्तम आहे! नसेल तर पुढचं नीट वाच.

आधी हे ठरव की गरीब टक्क्यांनी मोजायचे की डोक्यांनी. टक्क्यांच्या मागे गेलात तर नंदुरबारला पोचाल. नीती आयोगाच्या २०२१च्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात राज्यात सर्वाधिक टक्केवारी त्याच जिल्ह्याची आहे. पण सातपुड्याच्या उतारावर जे सापडेल ते आपल्या बीडकडच्या बालाघाटाच्या माळावर जसंच्या तसं चालणार नाही. संशोधनाचं गाव नुसतं गरीब असून भागत नाही. तिथलं उत्तर आजूबाजूच्या शेकडो गावांना लागू पडलं पाहिजे.

इक्रिसॅटने, म्हणजे हैदराबादजवळच्या कोरडवाहू पिकांवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने, १९७५ साली गावपातळीवरचा अभ्यास सुरू केला, तेव्हाचा क्रम आजही कामाला येतो. माती आणि पाऊस पाहून आधी जिल्हे, मग त्या जिल्ह्याला शोभेलसा तालुका, मग तालुक्यासारखंच गाव. सोलापुरातलं शिरापूर आणि कळमण, अकोल्यातलं कंझरा आणि किनखेडा, तेव्हाच्या महबूबनगरमधलं औरेपल्ली आणि दोकुर अशी ती सहा गावं. शहराजवळची आणि सरकारी योजनांनी आधीच भरलेली गावं त्यांनी टाळली. तुझ्या यादीतलं तिसरं गाव ‘आदर्श गाव’ म्हणून गाजलेलं आहे, ते काढ. तिथे उत्पन्न वाढलं तर श्रेय बंधाऱ्याचं की तुमच्या वाणाचं, हे कुणालाच सांगता येणार नाही.

घरं निवडायची त्यांची पद्धत अशी: गावात ४० घरं, १० भूमिहीन मजुरांची, बाकी ३० लहान, मध्यम आणि मोठ्या शेतकऱ्यांची, प्रत्येकी १०. पद्धत चांगली आहे, पण सरासरी काढताना भार द्यायला विसरू नकोस. २०० घरांच्या गावात ८० भूमिहीन आणि २० मोठे असतील, तर नमुन्यातलं एक भूमिहीन घर आठ घरांच्या वतीने बोलतं आणि मोठ्याचं घर दोनच. सरळ बेरीज करून भागलंस तर गाव कागदावर श्रीमंत होईल. जमिनीसाठी नुसत्या सातबाऱ्यावर जाऊ नकोस. खातेफोड, म्हणजे वाटणीची नोंद, झालेली नसते, बापाच्या नावावरची जमीन तीन भाऊ वेगवेगळी कसत असतात. बटईने कोण करतो ते तर तिथे नसतंच. ‘यंदा कुणी पेरलं?’ असं विचारायचं.

आता माती. तालुक्याच्या नकाशावर एकच रंग दिसतो, पण गावात माळापासून ओढ्यापर्यंत चालत गेलास की वेगळंच दिसतं. माळावर वीतभर खणलं की मुरूम लागतो, ओढ्याकाठी कमरेइतकी काळी. रब्बी ज्वारी मातीत साठलेल्या ओलीवर येते, म्हणून राहुरी विद्यापीठ वाणच मुळी मातीच्या खोलीवर सुचवतं: ३० सेंमीपर्यंत हलक्या जमिनीला फुले अनुराधा, ६० सेंमीपर्यंत मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, त्याहून खोल जमिनीला फुले वसुधा. गरिबाची जमीन बहुतेक माळावरच असते. प्रयोगाला मात्र सरपंच किंवा कृषी सहायक दाखवतात ते रस्त्यालगतचं खोल काळीचं वावर. म्हणून प्रत्येक प्लॉटवर पहारीने खणून खोली मोज आणि निम्मे प्लॉट ३० सेंमीच्या आतले घे. पाऊस महसूल मंडळाच्या केंद्राचा धर, आणि गावात स्वतःचा पर्जन्यमापक बसव. तिकडे शिवारागणिक पाऊस बदलतो.

खरी गोम मात्र हंगामात आहे. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. रब्बी ज्वारी पेरायची सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, काढायची फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे तुमचं पीक शेतात उभं असतं तेव्हा ज्यांच्यासाठी ते घेतलंय ते उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, फेडायला कारखान्याच्या फडात असतात. त्यांची जमीन एकतर पडीक, नाहीतर बटईने. डिसेंबरात सर्वेक्षणाला गेलात तर घराला कुलूप, आणि ‘घर बंद’ म्हणून बदली घर घेतलं की सगळ्यात गरीब तेवढे नमुन्यातून गळतात. घरांची यादी जून-जुलैमध्ये कर, दर घराचे कोयते (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता) किती जातात ते लिही. मग ठरवा: या गावांत बाजरी, उडीद, मूग असं खरिपातलं काम घ्यायचं, की रब्बी ज्वारीसाठी लोक गावातच राहतात असा पट्टा निवडायचा. दोन्ही एका गावात बसवायला जाऊ नका.

तुमचे साहेब बागायती गावाचा आग्रह धरतील, कारण तिथे आकडे लवकर दिसतात. त्यांना शेनगेन फॅन, पीटर हेझेल आणि सुखदेव थोरात या अर्थतज्ज्ञांचं भारतावरचं १९९९चं काम दाखव: ग्रामीण गरिबी कमी करण्यात रस्ते आणि शेती संशोधन यांवरचा सरकारी खर्च सगळ्यात पुढे निघाला. फॅन-हेझेल यांच्या पुढच्या अभ्यासात तर अनेक कोरडवाहू भागांत जादा रुपयाचा परतावा बागायतीपेक्षा सरस दिसला.

तुलनेची गावं, म्हणजे जिथे तुमचं वाण द्यायचं नाही ती, शेजारची नकोत. बियाणं पाहुण्यांच्या पिशवीतून पोचतं आणि आठवडी बाजार एक असला की बातमीही पोचते. वेगळा बाजार आणि आठ-दहा किलोमीटर अंतर, पण माती-पाऊस तोच. दोन गावं राखीव ठेव. मध्येच साठवण तलाव मंजूर झाला की एखादं गाव बाद होतं.

नव्या यादीत प्रत्येक गावासमोर माळाची टक्केवारी, कोयत्यांची संख्या, आठवडी बाजार आणि चालू योजना लिहून पाठव. नाकारलेल्या गावांची कारणंही लिही, पुढे कुणीतरी विचारेलच.

तुझी,
आई