शिरोरेषा जोडून दिल्याबद्दल

ताई,
स. न. वि. वि.

पतसंस्थांच्या आमच्या अ‍ॅपची घडी तुम्ही बसवून दिलीत, त्याचे आभार मानायचेत. हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तुम्ही एक अंगठा पाठवून मोकळ्या झाला असता, वर "आभार राहू दे, बग मिटला का ते सांग" असंही म्हणाला असता. म्हणून जाहीरच लिहितोय. शिवाय एका अ‍ॅपच्या पाच प्रती सांभाळत बसलेले आम्ही एकटेच नसणार. त्यांच्यापैकी कुणाच्या हाती हे पडलं तर त्यांचाही एखादा शनिवार वाचेल.

आपली ओळख झाली ती सोसायटीच्या वार्षिक सभेत. पार्किंगच्या विषयावर बी विंग आणि सी विंग यांची जुंपली होती आणि मी मागच्या खुर्चीवर लॅपटॉप उघडून बसलो होतो. व्याजाचा तोच बग तिसऱ्या पतसंस्थेच्या रेपोत (कोडच्या साठ्यात) दुरुस्त करत होतो, चौथा आणि पाचवा बाकी होता. तुम्ही शेजारून डोकावून विचारलंत, "तीच ओळ मघापासून तिसऱ्यांदा बदलतोयस का?" मी खुलासा केला: कर्वेनगरात चार जणांचं ऑफिस, पाच पतसंस्थांचं काम, आणि प्रत्येकीला आपला रंग हवा. एकीला मरून, एकीला हिरवा, एकीला केशरी. पहिल्या संस्थेचं अ‍ॅप कॉपी करायचं, रंग बदलायचे, लोगो बदलायचा, झालं. तुम्ही एवढंच म्हणालात, "सगळ्या स्क्रीनच्या रंगीत प्रिंट काढून शनिवारी ये."

प्रिंट! मला वाटलं, बाई जुन्या वळणाच्या दिसतात. हिंजवडीतून फ्रंट-एंड लीड म्हणून निवृत्त होण्याआधी तुम्ही शनिवार पेठेतल्या छापखान्यात श्रीलिपी सॉफ्टवेअरवर लग्नपत्रिका जुळवायचात, हे तोवर मला माहीत नव्हतं. माझी अपेक्षा होती की तुम्ही कॉम्पोनंटचं (स्क्रीनच्या सुट्या भागांचं) आर्किटेक्चर काढाल, रिअ‍ॅक्ट या स्क्रीन बांधायच्या साधनाबद्दल बोलाल. तुम्ही लाल पेन घेतलंत, 'भरणा करा' या बटणावर गोल केलात आणि म्हणालात, "शिरोरेषा तुटलीय."

खरंच तुटली होती. आमच्या डिझाइनचा साचा इंग्रजी बटणांवरून घेतलेला. कॅपिटल अक्षरं मोकळी दिसावीत म्हणून लेटर-स्पेसिंग एक पिक्सेल. इंग्रजीत ते शोभतं. मराठीत मात्र अक्षराअक्षरात फट पडते आणि वरची रेघ दातकोरण्यांसारखी तुकड्यातुकड्यांत दिसते. दोन वर्षं आम्ही रोज ती स्क्रीन पाहत होतो, चौघेही मराठी, आणि एकालाही ते दिसलं नव्हतं. मग तुमचा लाल पेन थांबेना. बटणाची उंची बांधलेली, ओळीची उंची अक्षराच्या १.२ पट, वर ओव्हरफ्लो, म्हणजे चौकटीबाहेर जाणारा भाग, लपवलेला. त्यामुळे 'शैक्षणिक कर्ज' मधल्या मात्रा वरून छाटलेल्या आणि 'मुद्दल' चा उकार खालून. पानाची भाषाही इंग्रजी म्हणून नोंदवलेली. म्हणजे स्क्रीन रीडरला सांगितलं जात होतं की हे सगळं मराठी मजकुराचं पान इंग्रजी समजून वाच.

"रंग नंतर. आधी अक्षर उभं राहू दे," म्हणालात. आज आमच्या लायब्ररीत (सगळ्या संस्थांना पुरणाऱ्या बटणं-तक्त्यांच्या समाईक संचात) अक्षरांमधली जागा आणि ओळीची उंची ही दोन्ही टोकन (नाव देऊन ठेवलेल्या किमती) भाषेवरून ठरतात. मराठी असेल तर जागा शून्य, ओळ १.६ पट, आणि बटणाला ठरावीक उंचीऐवजी किमान उंची. फॉन्ट 'मुक्त' नावाचा, कारण त्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही एका हातची आहेत. थीम म्हणजे रंग, ही माझी समजूत त्या दिवशी गेली.

रंगांकडे आलो तेव्हा तुम्ही मोजायला लावलंत. एका अ‍ॅपमध्ये राखाडीच्या सतरा छटा निघाल्या. त्यातल्या तीन तर मी स्वतः, एकाच आठवड्यात, डोळ्यांच्या अंदाजाने टाकलेल्या. पण तुम्ही हसलात ते दुसऱ्याच गोष्टीला. हिरव्या संस्थेच्या रेपोत 'निळा' नावाचं व्हेरिएबल होतं आणि त्याची किंमत हिरवी होती. "नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा." त्यानंतर तुमच्या गॅलरीत बसून दोन संध्याकाळी आपण नुसती नावं ठेवली (दोन्ही अर्थांनी). रंगाचं नाव घ्यायचं नाही, रंग काय काम करतो ते सांगायचं: मुख्य कृती, धोक्याची कृती, पृष्ठभाग, उंच पृष्ठभाग, फिकट मजकूर, कडा, थकबाकी. 'थकबाकी' हे टोकन जगातल्या दुसऱ्या कुठल्या लायब्ररीत नसेल, पण पतसंस्थेच्या माणसाची नजर सगळ्यात आधी तिथेच जाते, हे तुम्ही दहा मिनिटांत ओळखलंत.

सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) व्हेरिएबलचं नाव देवनागरीतही चालतं हे तेव्हा समजलं. मी उत्साहाने आख्खी फाइल मराठीत लिहिली. चालली. दर ओळीला कीबोर्ड बदलून बोटं दुखली, तेव्हा गुपचूप रोमनमध्ये परत आणली. तुम्हाला हे सांगितलं नव्हतं.

आमचे रंग सॅसमध्ये होते, म्हणजे सीएसएस तयार करून देणाऱ्या भाषेत. सॅसचं व्हेरिएबल बिल्डच्या वेळी (कोडपासून अंतिम फाइली तयार होताना) विरघळून जातं, ब्राउझरपर्यंत फक्त रंग पोहोचतो, म्हणून पाच संस्थांना पाच बिल्ड. तुम्ही ते सीएसएसच्या स्वतःच्या व्हेरिएबलवर, म्हणजे कस्टम प्रॉपर्टीजवर, न्यायला सांगितलंत. त्या ब्राउझरमध्ये जिवंत राहतात, वरच्या घटकाकडून खालच्याकडे वारशाने जातात. बिल्ड एकच, आणि पानाच्या मुळाशी थीमचं नाव बदललं की सगळं घर बदलतं. फायरफॉक्सने हे २०१४ मध्ये आणि क्रोमने २०१६ मध्ये आणलं होतं. म्हणजे इतकी वर्षं ते दाराशी उभं होतं आणि आम्ही रेपो कॉपी करत होतो.

मग आली ती दोन दिवसांची झटापट. ती इथे सविस्तर लिहितो, कारण यात कुणीही सापडेल. पाचही थीम एकाच पानावर शेजारी शेजारी दिसाव्यात म्हणून मी स्टोरीबुक या कॉम्पोनंट दाखवायच्या साधनात एक नमुनापान केलं. प्रत्येक चौकटीला तिची थीम दिली. चौकटींचे मथळे बरोबर रंगले, पण बटणं पाचही चौकटींत मरून! मुळाशी मी लिहिलं होतं: बटणाचा रंग म्हणजे ब्रँडचा रंग. आणि चौकटीत फक्त ब्रँडचा रंग बदलला होता. मला वाटलं बटण आपोआप मागे जाईल. इन्स्पेक्ट करून करून डोळे शिणले. ब्रँड हिरवा दिसतोय, बटण मरून. रविवारी सकाळी तुमच्याकडे आलो. तुम्ही कोड उघडूही दिला नाहीत. "मुळाशी बटणाचा रंग ठरला तेव्हा ब्रँड कोणता होता? मरून. मग मरून छापून झालं. खाली वारशाने जाते ती छापलेली पत्रिका, जुळवणी नाही. आता शाई बदलून काय उपयोग?"

नेमकं तेच होतं. एका प्रॉपर्टीत दुसरीचा उल्लेख असला तर तो जिथे लिहिलाय त्याच घटकावर सोडवला जातो, आणि मुलांना मिळतो तो सोडवलेला रंग. उपाय एका ओळीचा: असे दुसऱ्यावर अवलंबून असलेले टोकन मुळाशी आणि प्रत्येक थीमच्या घटकावर, दोन्हीकडे पुन्हा मांडायचे. बटणं रंगली. तुम्ही तोवर मटार सोलायला घेतले होते.

केशरी संस्थेची गंमत वेगळी. त्यांच्या संचालक मंडळाला केशरीवर पांढरी अक्षरं हवी होती, कारण बाहेरची पाटी तशी आहे. झेंड्यातला म्हणून वेबवर सर्रास वापरतात तो केशरी घेतला तर पांढऱ्याशी त्याचं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर (दोघांच्या उजळपणातला फरक) जेमतेम २.१ भरतं. डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या निकषांच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी किमान ४.५ लागतं, मोठ्या अक्षरांसाठी ३. तेच काळ्या अक्षरांशी जवळजवळ ९.९. मी आकडे घेऊन सभेत गेलो आणि तोंडावर आपटलो. तुमचा सल्ला होता, आकडे नेऊ नकोस, फोन घेऊन त्यांना उन्हात उभं कर. पिग्मी एजंट दुपारी बाजारात फिरत रक्कम भरतो, तसं. अध्यक्षांनी कपाळावर हात धरून स्क्रीन पाहिली, दोनदा तिरकी केली आणि म्हणाले, "काळी करा." तेव्हापासून प्रत्येक पार्श्वभूमीच्या टोकनला त्यावरच्या अक्षरांचं टोकन जोडीला असतं, आणि जोडीचं गुणोत्तर कमी पडलं तर बिल्डच अडतं.

किरकोळ फजित्या तुम्हाला माहीत आहेतच. स्क्रीनच्या रुंदीचे टप्पेही मी कस्टम प्रॉपर्टीत ठेवले होते. मीडिया क्वेरीच्या (स्क्रीनच्या रुंदीनुसार रूप बदलणाऱ्या नियमाच्या) अटीत त्या चालत नाहीत आणि ब्राउझर तक्रारही करत नाही. लायब्ररीने स्वतःचं रिअ‍ॅक्ट सोबत आणलं, अ‍ॅपचं वेगळं होतं, दोघांची भांडणं लागून हुक (त्याचीच आतली फंक्शनं) कोसळले. पीअर डिपेंडन्सी केल्यावर, म्हणजे लायब्ररीला अ‍ॅपचंच वापरायला लावल्यावर, शांत झाले. गडद थीममध्ये पान उघडताना पांढरी झपकी यायची, ती रिअ‍ॅक्ट सुरू होण्याआधी थीम लावणाऱ्या चार ओळींच्या स्क्रिप्टने थांबली.

पण काउंटरवरचा तो पीसी विसरता येत नाही. एका शाखेतून फोन: माउस नेला की बटण गायब होतं. आमच्याकडे कुठेच होईना. मी हॉव्हरची (माउस वर असतानाची) छटा कलर-मिक्स या रंग मिसळणाऱ्या सीएसएस फंक्शनने काढली होती, आणि ते क्रोममध्ये १११ व्या आवृत्तीपासून आहे. शाखेत विंडोज ७, तिथे क्रोम १०९ वर कायमचं थांबलेलं. बरं, न समजणारी ओळ ब्राउझरने नुसती सोडून दिली असती तरी भागलं असतं. कस्टम प्रॉपर्टीत मात्र ती निमूट स्वीकारली जाते, वापरायच्या क्षणी निरर्थक ठरते, आणि पार्श्वभूमी थेट पारदर्शक होते. पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरं. तुम्ही म्हणालात, "छटा घरी काढून ने, गिऱ्हाइकाच्या दारात रंग कालवू नकोस." आता सगळ्या छटा आधीच काढून टोकनच्या फाइलमध्ये ठेवतो.

सगळ्यात जास्त आभार मात्र तुमच्या नकारांचे. बटणाला हवा तो रंग देता यावा असा एक प्रॉप (कॉम्पोनंटला बाहेरून द्यायची सेटिंग) मी तीनदा मागितला आणि तुम्ही तिन्ही वेळा नाही म्हणालात. तो दिला असता तर सहा महिन्यांत सतरा राखाडी परत आल्या असत्या. टोकनचं नाव बदललं की मोठी आवृत्ती (जुनं मोडू शकतं असा इशारा देणारी) काढायची, 'छोटासा बदल आहे' हे चालायचं नाही, हेही तुमचंच. तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू. एका बाबतीत मात्र अजून पटलेलं नाही: टोकनचे तीन थर (मूळ रंग, त्याचं काम, आणि कुठल्या कॉम्पोनंटसाठी) आमच्या चौघांच्या ऑफिसला जड होतात. आम्ही दोनच ठेवलेत. तुम्ही भांडाल, भांडा.

गेल्या महिन्यात जुन्नरकडची सहावी संस्था आली. त्यांना जांभळा हवा होता. जेवणाच्या सुट्टीआधी काम सुरू केलं आणि चहाच्या आत त्यांची स्क्रीन त्यांच्या फोनवर होती. रेपो एकच आहे. व्याजाचा बग आता एकदाच दुरुस्त होतो.

तुमची लाल पेनाची ती पहिली प्रिंट अजून माझ्या टेबलावर आहे. तिच्यावर एकाच खुणेला बरोबरची रेघ पडायची राहिली होती: खतावणीच्या तक्त्याशेजारी तुम्ही लिहिलं होतं, 'आकडे एकाखाली एक नाहीत'. आकड्यांना सारखी रुंदी दिली, रकमा उजवीकडे लावल्या, आणि ब्राउझरला मराठी-भारत सांगितल्यावर १,२५,००० असे लाखाच्या स्वल्पविरामासकट देवनागरीत यायला लागले. शनिवारी नवी प्रिंट घेऊन येतो. पेन तेवढं तुमचं लागेल.

आपला,
सी विंगमधला, मागच्या खुर्चीवरचा