रविवारी उबुंटू अपग्रेड : बॅकअप घेऊनच या

मंडळी, रविवारी सकाळी दहाला, दांडिया बाजारातल्या नेहमीच्या खोलीत. ज्यांच्याकडे अजून उबुंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमची २०.०४ ही आवृत्ती आहे (त्याचा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्येच संपला), त्यांनी आता टाळाटाळ करू नये. थेट २४.०४ वर जाता येत नाही, मध्ये २२.०४ लागतंच, तेव्हा दिवस मोकळा ठेवा.

खरी कटकट बाहेरच्या पीपीएंची (उबुंटूच्या अधिकृत साठ्याबाहेरचे सॉफ्टवेअरचे स्रोत). अपग्रेडमध्ये ते बंद होतात, पण त्यांतून आलेल्या लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या कोडच्या फायली) तशाच राहतात आणि डिपेंडन्सी (एका पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजेस) अडून बसतात. घरूनच पीपीए-पर्ज ही कमांड चालवून त्या मूळ आवृत्तीवर आणा. लिबरऑफिस नवंच हवं असेल तर फ्लॅटपॅक (लागणाऱ्या लायब्ररी सोबतच आणणारं वेगळं पॅकेज) घ्या. जागा खातं, पण सिस्टीमच्या लायब्ररींना धक्का लावत नाही.

चार्जर विसरू नका. खोलीतलं वायफाय तुम्हाला माहीतच आहे!