चिकूच्या मोजण्याबद्दल

प्रिय सुमे,

तुझा चिकू शंभरपर्यंत आकडे धडाधड म्हणतो पण चार बिस्किटं आण म्हटलं की मूठभर घेऊन येतो, म्हणून तुला टेन्शन आलंय ना? अगं, अजिबात घेऊ नकोस. साडेतीन-चार वर्षांच्या पोरांचं असंच असतं, अंक म्हणजे त्यांना बडबडगीतच, शेवटी जो आकडा आला तेवढ्याच वस्तू आहेत हे डोक्यात बसायला वेळ लागतो. आमच्या बालवाडीत मी "मोज बरं" म्हणतच नाही, "दे बरं" म्हणते. तीन चमचे दे, प्रत्येक ताटात एकेक वाटी ठेव. आधी दोन-तीनच, वीसची घाई कशाला?

मग निवडणं. राजमा, छोले, वाटाणे एकत्र करून दे आणि अंड्यांचा रिकामा ट्रे पुढे ठेव, तासभर हलणार नाही बघ. बटणं असतील तर अजून मजा, आधी रंगावरून लावू दे, मग ते ढीग मोडून तीच बटणं दोन भोकांची वेगळी, चार भोकांची वेगळी. कधी त्यालाच ठरवू दे आणि आपण ओळखायचं, आमच्याकडे एकाने "आवडती आणि नावडती" असे ढीग केले होते, बरोबरच आहे की!

माझा सगळ्यात लाडका खेळ मात्र चिंचोक्यांचा. सोंगट्यांसाठी फोडायचो ना, तसे अर्धे करून पाच टाकायचे आणि पांढरे किती, काळे किती बघायचं. तीन नि दोन, चार नि एक, कधी पाचही काळे आणि पांढरा एकही नाही. बेरीज आणि शून्य दोन्ही हातात येतात, पाटी-पेन्सिलीशिवाय.

आणि हो, तेवढ्याच बटणांची ओळ लांब पसरलीस की तो "जास्त झाली" म्हणेल. लगेच सुधारू नकोस, पियाजे नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हेच दाखवलं होतं, सहा-सात वर्षांपर्यंत होतं असं.

मोजणीसाठी घेतलेलं ते महागडं किट अजून उघडलं नसेल तर परत कर बाई. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डी गावात बालवाडी काढली तेव्हा मॉंटेसरी पद्धतीचं तयार शिकवण्याचं साहित्य परवडणारं नव्हतंच, शंख-शिंपले, बिया, पानं यांच्यावरच भागवलं त्यांनी.

फक्त धाकटीला यातलं काही मिळू देऊ नकोस, तीन वर्षांच्या आतली पोरं सरळ तोंडात नाहीतर नाकात घालतात. तू बसलेली असतानाच काढ आणि उठताना मोजून डब्यात भर, ते मोजायचं काम चिकूलाच दे.

तुझीच,
माई