पॉइंटर कुत्रे आणि ग्वाल्हेरचा उन्हाळा

संपादक महोदय यांस,
सादर नमस्कार.

ग्वाल्हेरच्या वेशीबाहेरील शेतांत काही हौशी मंडळी मे-जूनच्या संध्याकाळी पॉइंटर कुत्री घेऊन तितरांच्या मागावर फिरताना दिसतात. माझ्याकडेही जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर जातीची कुत्री आहे. तिच्याबाबत माझ्या हातून घडलेली चूक इतरांकडून घडू नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पक्ष्याचा वास लागताच हा कुत्रा न भुंकता जागीच थिजतो, पुढचा एक पाय उचलतो आणि नाकाने दिशा दाखवतो. ही वृत्ती त्याच्या रक्तात इतकी मुरलेली आहे की दमला म्हणून तो आपण होऊन थांबत नाही. त्याला थांबवणे हे मालकाचेच काम असते. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये, सूर्य मावळल्यावर, मी तिला मोकळ्या रानात सोडले. वारा किंचित निवला होता, पण दिवसभर पंचेचाळीस अंशांत भाजलेली माती अजून धगधगत होती. अर्धा तास धावून ती एका झुडपापुढे निश्चल उभी राहिली आणि मी कौतुकाने पाहतच राहिलो. मग तिचे मागचे पाय लटपटले आणि ती कोसळली. जीभ गडद लाल झाली होती, लाळ चिकट झाली होती. पोटावर, जांघांत आणि पंजांवर साधे पाणी ओतत, वारा घालत तिला डॉक्टरांकडे नेले, म्हणून ती वाचली.

कुत्र्याच्या शरीराचे तापमान एरवी 38 ते 39 अंश असते. ते 41 च्या पुढे गेले की जिवावर बेतते. त्याला घाम येतो तो केवळ पंजांच्या तळव्यांतून आणि तोही नावापुरता, त्यामुळे सारी भिस्त धापा टाकण्यावर असते. तोंडाने धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही, शिवाय कोरड्या, तापलेल्या जमिनीवर वासही टिकत नाही. म्हणजे उन्हाळ्यात त्याच्याकडून ना काम होते, ना त्याचा जीव सुरक्षित राहतो. हीच कुत्री जानेवारीच्या धुक्यात, दवाने भिजलेल्या गवतात, कितीतरी दुरून वास धरते. मात्र तिचे केस आखूड असल्याने काम थांबताच ती कुडकुडू लागते, म्हणून तिला लगेच कोरडे पुसून पांघरूण घालावे लागते. त्या दिवसांत तिला खाणेही थोडे वाढवून देतो.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्य पक्ष्यांना मारणेच नव्हे, तर त्यांना हाकणे किंवा पकडणे हीदेखील शिकारच ठरते. बंदूक जवळ नाही, एवढ्याने कोणी सुटत नाही. उन्हाळा हा तर तितरांच्या विणीचा काळ, आणि त्यांची घरटी जमिनीवरच असतात. हे समजल्यापासून मी कुत्रीला रानात मोकळी सोडणे बंद केले आहे. आता हिवाळ्यात सकाळी आणि उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वी, घराजवळच्या कुंपण असलेल्या मैदानात, वास लावलेली कापडी पिशवी गवतात लपवून मी तिच्याकडून शोधून घेतो. पिशवीपुढेही ती तशीच पाय उचलून उभी राहते.

आपला नम्र,
एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर